न टिकणाऱ्या तक्रारी

समोर बसलेली बाई दाताची डॉक्टर आहे हे कळताच भाऊजींनी आपला सुजलेला गाल हाताने झाकून घेतला.

दाढ चांगलीच ठणकत होती. पण दाताच्या डॉक्टरकडे जाण्यापेक्षा ठणका बरा, असं त्यांचं कायमचं मत होतं. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला हा गृहस्थ मुख्याध्यापकांना कधी भ्याला नाही, वर्गातल्या दांडगट पोरांना भ्याला नाही. हिरडीत शिरणाऱ्या सुईचं नाव काढलं की मात्र त्याचे हातपाय गार पडत. आणि आज ती सुई स्वतःच्या पायांनी जिना चढून आली होती.

"बोला," वहिनी म्हणाल्या.

खासगी तपासाचा हा धंदा मूळचा भाऊजींच्या थोरल्या भावाचा. तो गेल्यावर वहिनींनी चालू ठेवला. दारावर पाटी अजून त्याचीच होती. लोक 'साहेब आहेत का' असं विचारत येत आणि वहिनींशी चार वाक्यं बोलले की साहेबांना विसरून जात. भाऊजी सोबतीला असत. आपण तपासात मदत करतो असं ते म्हणत. वहिनी त्यावर काही म्हणत नसत.

"माझ्यावर तक्रारी आहेत," डॉक्टर म्हणाली. तिशी ओलांडलेली, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली, डोळ्यांखाली काळं. "एकही खरी ठरलेली नाही. आणि एकही पुसली जात नाही."

"म्हणजे?"

"आमच्या दाताच्या डॉक्टरांच्या परिषदेचा नियम आहे. परवाना असलेल्या डॉक्टरवर तक्रार आली की ती त्याच्या नोंदीत चढते. चौकशीत निराधार निघाली तरी राहते. त्यानंतर दोन वर्षं एकही नवी तक्रार आली नाही, तरच जुनी पुसून मिळते. माझी पहिली तक्रार एका पेशंटच्या आईने केली होती. तिचा गैरसमज झाला होता, तिने नंतर माफीही मागितली. मी दोन वर्षं श्वास रोखून काढली. अर्ज करणार, तेवढ्यात दुसरी आली. निनावी. तीही निराधार निघाली. पुन्हा दोन वर्षं. आणि आता, अर्ज लिहून तयार असताना, तिसरी."

"नोंद कोण बघतं?"

"नोकरी देणारा प्रत्येक जण. पहिल्या तक्रारीनंतर कुणी दारात उभं करेना. शेवटी काकांनी ठेवून घेतलं. सख्खे नाहीत, वडिलांचे मित्र. त्यांच्या दवाखान्यात आहे मी." ती थांबली. "मुलांच्या हॉस्पिटलमध्ये एक जागा निघाली आहे. मला लहान मुलांचेच दात बघायचे होते, शिकत होते तेव्हापासून. त्यांनी मुलाखतीत पसंतही केलंय. पण नोंद स्वच्छ हवी. ते थांबायला तयार आहेत, पण किती थांबणार?"

निनावी तक्रारी परिषदेच्या फोनवर आल्या होत्या. तिथे रात्रंदिवस यंत्र चालू असतं. बोलायचं आणि ठेवून द्यायचं. आरोप झालेल्याला आवाजाची प्रत मिळते. तिने आपल्या मोबाईलवर दोन्ही ऐकवल्या.

आवाज पुरुषाचा की बाईचा, म्हाताऱ्याचा की तरुणाचा, काहीच कळेना. ओला, जाडसर, लाळेत बुडालेला. कुणीतरी उष्टं तोंड कानाला लावून बोलावं तसा.

पहिल्यात तो आवाज म्हणत होता की अमुक तारखेला त्या डॉक्टरणीच्या तोंडाला दारूचा वास येत होता. दुसऱ्यात म्हणत होता, "आमच्या शेजारच्या पोस्टमास्तरांची चांगली दाढ तिने न विचारता उपटली. खालची, उजवीकडची, सहावी."

"निराधार कशी ठरली दारूची?"

"त्या दिवशी मी रजेवर होते. बहिणीचं बाळंतपण होतं, गावातच नव्हते. काकांनी स्वतः परिषदेत येऊन साक्ष दिली. आताही तेच म्हणाले, घाबरू नकोस, पोस्टमास्तरांना घेऊन येतो, त्यांची दाढ जागेवर आहे, सगळ्यांना दाखवू. ते आहेत म्हणून मी आहे."

"तुमचं वाईट चिंतणारं कोण?"

तिने क्षणभर विचार केला. "माझा पूर्वीचा नवरा. तोही दाताचाच डॉक्टर. आणि दवाखान्यात काउंटरवर बसते ती बाई. तिला मी डोळ्यासमोर नको असते. का, ते माहीत नाही."

वहिनींनी भाऊजींच्या गालाकडे पाहिलं. भाऊजींना ती नजर ओळखीची होती. त्यांनी मान हलवून नकार दिला. त्याचा उपयोग झाला नाही.

*

आधी दोघं परिषदेच्या सचिवांकडे गेली. दाताच्या डॉक्टरांवर देखरेख ठेवणारा हा माणूस कागदाच्या टाचणीने दात कोरत बसला होता. टाचणीला लागलेलं त्याने डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि टेबलाच्या कडेला पुसलं. भाऊजींनी खुर्ची मागे सरकवली.

"दोन्ही आवाज एकाच माणसाचे आहेत, हे तुमच्या लक्षात आलं नाही?" वहिनींनी विचारलं.

"आवाज ओळखणं आमच्या कक्षेत येत नाही, बाई. तक्रार आली की नोंद. निराधार असली तर तसा शेरा. आम्ही कुणावर अन्याय करत नाही."

"खोटी तक्रार करणाऱ्याला शोधत नाही?"

"तो परवानाधारक थोडाच आहे? आमचा संबंध परवानाधारकांशी."

वहिनींनी त्याच्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली: पुढच्या काही दिवसांत या डॉक्टरविरुद्ध नवी तक्रार आली तर ती नोंदीत चढवण्याआधी त्यांना ऐकवायची. त्याने आढेवेढे घेतले. मग वहिनींनी वर्तमानपत्रात काम करणाऱ्या आपल्या भाचीची सहज आठवण काढली, आणि तो तयार झाला.

*

दवाखाना जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होता. बाहेर बाकं, आत दोन खोल्या. भिंतीवर मोठ्या डॉक्टरांचे, म्हणजे तिच्या काकांचे, सत्काराचे फोटो. थुंकायच्या भांड्यात पाणी खळखळत होतं आणि औषधाच्या वासाखाली आणखी कसला तरी कुजका वास होता.

धाकट्या डॉक्टरने त्यांना खुर्चीत आडवं केलं, गालात दोन्हीकडून कापसाचे बोळे कोंबले. मोठे डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. पांढरेशुभ्र केस, कपाळावर प्रेमळ आठ्या, एक हात कोटाच्या खिशात. पाहताक्षणी पाया पडावंसं वाटेल असा माणूस.

"मीच करणार होतो हो," ते म्हणाले. "पण हिचा हात तयार झाला पाहिजे. तरुणांना संधी द्यायची. काय?"

भाऊजींना म्हणायचं होतं की हात तयार करायला दुसरी दाढ शोधा. तोंडातून भलतंच काहीतरी बाहेर पडलं.

"काय म्हणालात?" वहिनी एकदम पुढे झाल्या. "पुन्हा म्हणा."

भाऊजी पुन्हा म्हणाले. तोंडातून नुसता लाळेत भिजलेला घोळ आला.

"आणखी एकदा."

ही थट्टा करायची वेळ आहे का, असं विचारण्याचा भाऊजींनी प्रयत्न केला. वहिनी समाधानाने मागे जाऊन बसल्या. सुई आली, गेली, आणि भाऊजींना कळलंसुद्धा नाही. या मुलीचा हात फुलासारखा हलका होता.

दाढेचं काम दोन बैठकांचं होतं. दुसऱ्या वेळी गेले तेव्हा वहिनी काउंटरपाशी रेंगाळल्या. काउंटरवरची बाई कपाळाला आठ्या घालून बसली होती.

"मागच्या वेळी घरी गेल्यावर यांना उलट्या झाल्या हो," वहिनी भाऊजींकडे बोट दाखवून म्हणाल्या. "औषध बाधलं असावं."

भाऊजींनी वळून वहिनींकडे पाहिलं. त्यांना एकही उलटी झाली नव्हती.

"मग मला काय सांगता, मॅडमना सांगा," काउंटरवरची म्हणाली. "त्यांना कुठे वेळ आहे म्हणा. स्वतःचे पेशंट, वर सरांचे पेशंट. लोक सरांचं नाव घेऊन येतात, सर तोंड बघतात, गोड बोलतात आणि मग म्हणतात, आता मॅडम करतील. त्यांचं आवरेपर्यंत मला घरी जाता येत नाही. इथे येऊन वर्षसुद्धा झालं नाही, पण एक दिवस वेळेवर सुटले असेन तर शपथ."

"आता सुटाल. परिषद पुढच्या बैठकीत त्यांची नोंद साफ करणार आहे, सचिवांनी तोंडी कबूल केलंय. मग त्या जातील दुसरीकडे."

"जातील?" बाईचा चेहरा उतरला. "मग इथलं काम कोण करणार?"

मोठ्या डॉक्टरांनी दोघांना आपल्या खोलीत बोलावून चहा पाजला. वहिनींनी त्यांनाही नोंद साफ होणार असल्याची बातमी दिली.

"फार चांगलं," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं होतं. "पोरीने फार सोसलं. मुलीसारखीच आहे ती मला."

"फक्त एक," वहिनी आवाज खाली आणून म्हणाल्या. "कुणाजवळ बोलले नाही. त्या दिवशी औषधाने यांचा ओठ भाजला, असं हे म्हणतात."

भाऊजींनी तोंड उघडलं. वहिनींचा पाय टेबलाखालून त्यांच्या पायावर पडला आणि त्यांनी ते मिटलं.

"बघू, बघू." मोठे डॉक्टर छोटी बॅटरी घेऊन पुढे झाले. उजेड ओठावर पडला, ओठावरून नाकावर गेला, तिथून हनुवटीवर, पुन्हा ओठावर. किती कसून तपासतात, असं भाऊजींना वाटलं. "छे! काहीसुद्धा नाही. निरोगी ओठ आहे तुमचा. भास झाला असेल." आणि बॅटरीसकट हात कोटाच्या खिशात गेला.

बाहेर आल्यावर भाऊजी रस्त्यातच थांबले. "वहिनी, माझ्या नावावर तुम्ही काय काय खपवताय?"

"अजून एक बाकी आहे," वहिनी म्हणाल्या.

*

पूर्वीच्या नवऱ्याचा दवाखाना काचेचा आणि गुळगुळीत होता. भिंतीभर त्याचेच हसरे फोटो. तोही हसला, तेव्हा सगळे दात एकसारखे पांढरे दिसले.

"तक्रारी? निनावी?" त्याला मनापासून आनंद झाला. "कुणी का केल्या असेनात, त्याला माझ्याकडून जेवण. तिचा परवानाच काढून घ्यायला हवा. मला सोडून गेली ती. मला!"

"तुम्ही नाही केल्यात?"

"मी केली असती तर ती निराधार निघाली असती? मला तिच्या कामातली प्रत्येक खाच माहीत आहे. अशी ठोकून बसवली असती की जन्मात तिच्या हातात चिमटा आला नसता. हे असलं बालिश काम कुणा येड्याचं आहे. रजेच्या दिवशी दारू!" तो खदखदून हसला. "ऐकलं मी त्या वेळी. आमच्या धंद्यात अशा गोष्टी पसरतात."

वहिनींनी त्याला सांगितलं की भाऊजी तिच्या खुर्चीत चक्कर येऊन पडले होते, आणि तिची नोंद आता साफ होणार आहे. त्याने दोन्ही गोष्टी चवीने ऐकल्या. निघताना त्याने भाऊजींच्या दातांकडे पाहून नाक मुरडलं आणि आपलं कार्ड पुढे केलं.

"हाच!" जिना उतरताना भाऊजी म्हणाले. "वहिनी, हाच तो. तक्रार करणाऱ्याला ती रजेवर होती हे माहीत नव्हतं, म्हणजे बाहेरचा माणूस. आणि रजेची गोष्ट स्वतःहून बोलला."

"घाणेरडा आहे," वहिनी म्हणाल्या. "पण घाण लपवत नाही."

आठवडा संपायच्या आत सचिवांचा फोन आला. नवी तक्रार आली होती.

*

वहिनींनी सगळ्यांना दवाखान्यात बोलावलं ते सुट्टीच्या दिवशी, दुपारी. बाहेरच्या बाकांवर धाकटी डॉक्टर, काउंटरवरची बाई, मोठे डॉक्टर आणि सचिव. पूर्वीचा नवरा नव्हता.

"त्याला का नाही बोलावलं?" भाऊजी कुजबुजले.

"त्याचं काम नाही."

सचिवांनी मोबाईल पुढे धरला. तोच ओला, जाडसर आवाज खोलीभर पसरला: त्या डॉक्टरणीने एका म्हाताऱ्या गृहस्थाचा ओठ औषधाने भाजला, बिचारा घाबरून बोलत नाही, परिषदेने लक्ष घालावं.

"म्हाताऱ्या?" भाऊजी म्हणाले.

धाकटी डॉक्टर पांढरी पडली. "मी कुणाचा ओठ भाजला नाही. पुन्हा दोन वर्षं..."

"बसा तुम्ही," वहिनी म्हणाल्या. "आधी आवाज. असा आवाज माणूस कसा काढतो, ते मला भाऊजींनी दाखवलं. गालात कापसाचे बोळे ठेवले की कुणाचाही आवाज असाच येतो. बोलणारा एकेक शब्द सावकाश, सुटा उच्चारत होता, म्हणून शब्द तेवढे कळतात. आणि 'खालची उजवीकडची सहावी' असं कुठला शेजारी म्हणेल? आपण दाढ म्हणतो, फार तर मागची दाढ. पुढून मोजत सहावी म्हणणारी माणसं याच धंद्यातली."

"मग तो नवराच की," भाऊजींना राहवलं नाही.

"मीही आधी त्याच्याकडेच पाहिलं. पण भाऊजी, एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खुपत होती. या तक्रारी इतक्या वाईट का आहेत? दारूची तक्रार, तीही नेमकी बाई गावात नव्हती त्या दिवसाची. उपटलेली दाढ, ती पोस्टमास्तरांच्या तोंडात शाबूत. प्रत्येक तक्रार चौकशीत एका फुंकरीने उडेल अशी. इतका कमनशिबी शत्रू असतो का कुणी?"

वहिनी भाऊजींकडे वळल्या.

"तुम्ही म्हणालात, त्याला रजेचं माहीत नव्हतं. मी म्हणते, माहीत होतं म्हणूनच त्याने तो दिवस निवडला. दाढ शाबूत आहे हे माहीत होतं, म्हणून तीच दाढ निवडली. त्याला तक्रार टिकायला नको होती. तक्रार टिकली तर हिचा परवाना जाईल, आणि परवाना गेला तर ही त्याच्या कामाची राहणार नाही. त्याला हिचा परवाना जिवंत हवा होता, पण डागाळलेला. म्हणजे ही काम करू शकेल, पण दुसरीकडे कुठे जाऊ शकणार नाही."

भाऊजींच्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता, आणि जे दिसत होतं त्याकडे बघवत नव्हतं.

"नवऱ्याला हिचा परवानाच जायला हवाय. तो असली मिळमिळीत तक्रार करणार नाही. काउंटरवरच्या बाईंना इथे येऊन वर्षही झालं नाही, दारूची तक्रार त्याआधीची. शिवाय ही जाणार म्हटल्यावर त्यांचा चेहराच पडला. तरी मी कुणाला सोडलं नाही. तिघांना सांगितलं की नोंद साफ होणार आहे, आणि तिघांना भाऊजींची तीन वेगवेगळी दुखणी सांगितली. या बाईंना उलट्या. नवऱ्याला चक्कर. आणि भाजलेला ओठ..."

वहिनी मोठ्या डॉक्टरांकडे वळल्या.

"भाजलेला ओठ फक्त तुम्हाला, डॉक्टर. ती गोष्ट जगात तीन माणसांना माहीत होती. मी, भाऊजी आणि तुम्ही. आणि ती घडलेलीच नाही. तुम्ही स्वतः बॅटरी लावून खात्री करून घेतलीत की ओठाला काही झालेलं नाही. मगच तक्रार केलीत. तुमच्या नेहमीच्या पद्धतीने."

मोठ्या डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं प्रेमळ हसू अजून तसंच होतं, फक्त त्याच्यामागे आता काही उरलं नव्हतं.

"काका?" धाकटी म्हणाली.

"बाळ, या बाईंचा काहीतरी..."

"कशासाठी, तेही सांगते," वहिनी धाकटीला म्हणाल्या. "लोक यांच्या नावाने येतात आणि काम तुम्ही करता. नाजूक काम तर सगळंच तुम्ही करता. हे म्हणतात, संधी देतो. पण यांनी हातात हत्यार धरलेलं तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? त्या दिवशी बॅटरीचा उजेड भाऊजींच्या तोंडभर फिरला. त्यांना वाटलं, कसून तपासतायत. हात थरथरत होता. म्हणूनच तो कायम खिशात असतो. परिषदेला कळलं तर यांचाच परवाना आधी तपासायला लागेल. आपला परवाना टिकावा म्हणून यांनी तुमचा नासवत ठेवला."

सचिवांनी घसा खाकरला. "डॉक्टरसाहेब, प्रत्येक वेळी साक्षीला तर तुम्हीच..."

"होय, साक्षीला तेच," वहिनी म्हणाल्या. "आग लावायची आणि बादली घेऊन सगळ्यांत पुढे धावायचं. आणि तुम्ही, साहेब, दर वेळी तो ओला आवाज ऐकून निमूट नोंद चढवलीत. हात नका झटकू. तुमच्या टेबलाशिवाय यांचं एकही काम झालं नसतं."



"मी तिचं वाईट केलं का?" मोठे डॉक्टर एकदम म्हणाले. आवाज चढला होता, पण त्यात लाज नव्हती, गाऱ्हाणं होतं. "एक तरी तक्रार टिकू दिली का मी? प्रत्येक वेळी जाऊन उभा राहिलो. कुणी विचारत नव्हतं तेव्हा आसरा कुणी दिला हिला? मुलांच्या हॉस्पिटलात काय मिळणार आहे? इथे घरच्यासारखी होती. मी मुलगी मानलं!"

भाऊजींना वाटलं, इथेच त्या थुंकायच्या भांड्यात जाऊन ओकावं. नवऱ्याचा गुळगुळीत दवाखाना, सचिवांची टाचणी, सगळं त्यांनी कसंबसं गिळलं होतं. हे गिळवत नव्हतं. याच माणसाच्या पाया पडावंसं त्यांना वाटलं होतं.

"नोंदीचं काय?" वहिनींनी विचारलं.

"पुसली जाईल," सचिव घाईघाईने म्हणाले. "एकाच माणसाने खोडसाळपणे केलेल्या तक्रारी मुळातूनच रद्द होतात. सगळ्या. त्या गेल्या की पहिलीनंतरची दोन वर्षं कधीच भरली, म्हणून तीही पुसली जाईल. पुढच्या बैठकीची वाट बघायची गरज नाही, मी उद्याच... आणि डॉक्टरसाहेबांबद्दल रीतसर चौकशी लावावी लागेल."

धाकटी डॉक्टर उठली. ती रडेल असं भाऊजींना वाटलं होतं. ती मोठ्या डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली.

"हात दाखवा."

"कशाला..."

"दाखवा, काका."

त्यांनी खिशातून हात काढला. तो हवेत थरथरत राहिला. तिने तो आपल्या तळव्यावर घेतला, उलटा केला, बोटं एकेक करून दाबून पाहिली. भाऊजींच्या दाढेला लागले होते तेच हलके हात.

"कधीपासून?"

"तू आलीस त्याच्या आधीपासून."

"यावर औषध असतं. निदान वाढणं थांबवता आलं असतं." तिने हात सोडून दिला. "तुम्ही मला नुसतं सांगितलं असतंत ना, तर मी राहिले असते. तुमचं सगळं काम केलं असतं. कुणाला कळूसुद्धा दिलं नसतं."

मोठ्या डॉक्टरांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत एकदम आशा आली. खरीखुरी, ओशाळेपणाचा लवलेश नसलेली आशा.

"मग आता राहशील?" त्यांनी विचारलं.

काउंटरवरच्या बाईने तोंडावर पदर धरला.

धाकटी डॉक्टर आत गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला. बाहेर आली तेव्हा हात कोपरापर्यंत ओले होते आणि अंगावर कोट नव्हता. ती त्यांच्याकडे न बघता काउंटरपाशी आली.

"उद्याच्या पेशंटना फोन करून सांगा," ती म्हणाली, "की डॉक्टर नाहीत."

"कुठले डॉक्टर म्हणून सांगू, मॅडम?" बाईने घाबरत विचारलं. "मोठे की धाकट्या?"

"इथे एकच होती," ती म्हणाली, आणि दार उघडून बाहेर पडली.